बॉडीला प्लस

"अण्णासाहेबांनी सांगितलंय, हे पुंज्याच्या तोंडावर फेकून ये. मी तोंडावर न्हाई फेकत बाबा. टेबलावर फेकतो."

असं म्हणत वसंता ड्रायव्हरनं गोणपाटात गुंडाळलेला डायनामो जालन्याच्या मस्तगडातल्या त्या पत्र्याच्या दुकानात धाडकन आदळला. टेबलावरचे पाने उड्या मारून खाली पडले. पुंजाराम भुईवर मांडी घालून डायनामोत फिरणाऱ्या एका आर्मेचरला दोरा आवळत बसला होता. दोऱ्याचं एक टोक दातात होतं. ते त्यानं तसंच दातात धरलं, गाठ मारली, उरलेला दोरा तोडला आणि मगच वर बघितलं.

"काय हाय?"

"डायनामो. आमच्या ऑस्टिनचा. वीस दिवसांमागं तूच भरला व्हता ना?"

"भरला व्हता. मंग?"

"जळाला."

पुंजारामनं गोणपाट सोडलं. आत मनगटापासून कोपरापर्यंत भरेल एवढं लोखंडी नळकांडं. इंजिनावर पट्ट्यानं फिरायचं आणि बॅटरी भरायची, एवढंच त्याचं काम. पण ते बंद पडलं की दिवे मिणमिणतात, हॉर्न घोगरा होतो आणि दोन दिवसांनी गाडी ढकलायला माणसं शोधावी लागतात. आतलं जुनं तांबं काढून पुंजारामनं त्यात नवं भरलं होतं, खाच न खाच मोजून. आता वरून ते काजळीनं काळं झालं होतं आणि तारांची जळकी थोटकं लोंबत होती.

त्यानं नळकांड्याला नाक लावलं. दोनदा लावलं.

"वार्निश जळाल्याचा वास न्हाई ह्याला. रबर जळालंय. ह्याच्या आतलं न्हाई, बाहीरचं जळालंय, वसंता."

"मला काय कळतंय? अण्णासाहेब म्हनतेत डायनामो जळाला. बॅटरीवाला अप्पाराव म्हनतो डायनामो जळाला. सगळा स्टेशन रोड म्हनून राह्यला, पुंजारामनं ठिगळ लावलं आन् गाडी पेटवली."

तेव्हा पुंजारामच्या डोक्यात सकाळचा उजेड पडला. सकाळीच एक ट्रकवाला आपला स्टार्टर न उघडताच परत घेऊन गेल्ता. जल्दी न्हाई, नंतर बघू, म्हनला व्हता. त्याच्यामागून एक जीपवाला आला, दारातच घुटमळला, पान थुंकला आणि निघून गेला. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. मस्तगडच्या ह्या पत्र्याखाली आलेला माल न उघडता कधी परत गेला नव्हता.

पुंजाराम मूळचा भोकरदनकडचा. बाप गावातली मेलेली ढोरं ओढायचा आणि पाटलाचे सांगावे पोचवायचा. पोरगा अठराचा झाला तसा निजामाच्या अमलातच औरंगाबादला पळाला आणि तिथल्या मोटार डेपोत गाड्या धुवायला लागला. डेपोत एक म्हातारे उस्ताद होते, मोटारींचं तांबं भरणारे. हात सोन्याचे, पण डोळे गेलेले. त्यांना तारेचे वेढे मोजायला दुसऱ्याचे डोळे लागत. तसे ते पुंजारामचे लागले. रोज आठ तास तो बाजूला बसून मोजायचा. एक वेढा चुकला की उस्ताद सगळं उकलायला लावायचे. "तांबे से झूठ मत बोल बेटा," म्हणायचे, "वो रस्ते में जाके बोल देता है." चार वर्षं मोजल्यावर उस्तादांनी तार त्याच्या हातात दिली.

उस्तादांचा एक दंडक होता. मालकाचा माल मालकासमोरच उघडायचा. त्याच्या डोळ्यांदेखत खोलायचा, काय गेलं ते दाखवायचं, आणि काढलेलं जळकं तांबं पिशवीत घालून त्याच्याच हाती द्यायचं. पाठीमागं उघडलेल्या मालाची जबाबदारी उघडणाराच्या डोक्यावर. पुंजारामनं तो दंडक एवढा घट्ट धरला की गिऱ्हाईक वैतागायचं. कोणी म्हटलं, "अरे तू उघडून ठेव, मी बाजार करून येतो," की ह्याचं डोकं सटकायचं. "बाजार नंतर कर. आधी हिथं बस. उद्या म्हनशील पुंजारामनं काढून घेतलं."

छप्पन साली बापानं ढोरं ओढायचा दोर टाकला, सगळ्या वस्तीनं धम्म घेतला आणि गावानं वस्तीचा दाणापाणी बंद केला. तोवर गावी परतलेला पुंजाराम तेव्हा बायकोला, केशरबाईला, घेऊन जालन्याला आला. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग ह्या पत्र्याखाली स्वतःचं. केशरबाई घरी बसून कॉइलींना सुती पट्टी गुंडाळायची, वार्निशात बुडवून उन्हात वाळवायची. तिची पट्टी पुंजारामपेक्षा घट्ट बसायची आणि ते ती रोज ऐकवायची. ट्रकवाले येत, कारण ट्रकवाल्याला गाडी चालू झाल्याशी मतलब. मोटारवाले मात्र स्वतः येत नसत, ड्रायव्हरला पाठवत. भोकरदनच्या अण्णासाहेबांचंही तसंच. मालकाला घेऊन ये म्हटलं तर वसंता म्हणाला होता, "ते तुझ्या पत्र्याखाली बसतील व्हय? माझ्यासमोर उघड." पुंजारामनं वसंतासमोर उघडलं. जळकं तांबं वसंताच्याच हाती दिलं.

आणि आता हे चौऱ्याहत्तर साल, आणि जळाला म्हणून तोच डायनामो टेबलावर.

"नीट सांग," पुंजाराम म्हणाला. "माझ्याकडून गाडी गेली, मंग काय झालं?"

वसंता दारातल्या टायरवर बसला. "वीस दिवस ब्येस चालली. मंग बॅटरी बसली. जुनीच व्हती ती, तूच म्हनला व्हता मरायला टेकली म्हनून. काल अण्णासाहेबांनी नवीन जालन्यात अप्पारावकडून नवी घेतली. त्यानंच बसवली. निघालो. राजूरच्या रस्त्याला लागून मैलभर गेलो असंल न्हाई तर, बॉनेटमधून धूर. म्या उडी मारली. अण्णासाहेब धोतर धरून खाली. माती टाकून इझवली. तिथून बैलं जुंपून ओढत आनली अप्पारावकडं. लोकं हासून राह्यले ना भाऊ. मोटारीला बैलं!"

"बॅटरी बसवली तवा तू व्हता तिथं?"

"व्हतो की."

"काटा काय दाखवत व्हता? भरतीचा काटा."

वसंताचा चेहरा उजळला. "ते लई भारी झाल्तं! नवी बॅटरी लई जोरात भरून राह्यली व्हती. एरवी दिवे लावले की काटा उतरतीला जातो ना? काल म्या दिवे लावून बघितले तर काटा भरतीला! म्या अण्णासाहेबांना म्हनलं, साहेब, दिवे लावले तरी भरतीच हाय, काय बॅटरी मिळाली!"

पुंजाराम उठून उभा राहिला. हातातली पक्कड त्यानं पत्र्यावर अशी मारली की शेजारचा चहावाला बाहेर आला.

"आरं बैला! दिवे लावले की बॅटरी भरती का? तुझ्या बापानं कधी जेवून भूक वाढवली व्हती का?"

"मला काय म्हनतो? काट्याला म्हन."

"त्यानं बॅटरी उलटी लावली! अप्पारावनं! म्हनून काटा बी उलटा! उलटी लावली, गाडी जाळली, आन् माझं नाव लावलं!"

बॅटरीला टोकं दोन. एक गाडीच्या लोखंडी अंगाला बांधायचं, दुसरं तारांमधून फिरवायचं. नव्या गाड्यांमध्ये अंगाला मायनस असतं. पण अण्णासाहेबांची ऑस्टिन जुनी, विलायती. हैदराबादच्या कोणा अंमलदाराची, पोलीस ॲक्शननंतर विकलेली. तसल्या गाड्यांच्या अंगाला प्लस. पुंजारामनं ती तशीच ठेवली होती. अप्पारावनं बॉनेट उघडलं, प्लस बॉडीला बघितलं आणि त्याला वाटलं, ह्या मस्तगडवाल्यानं उलटं करून ठेवलंय. म्हणून त्यानं सरळ केलं. डायनामो जुन्या वळणानं वीज ढकलणार, बॅटरी त्याच्या उलट बसलेली. मधली तार तापून पेटणार नाही तर काय होणार?

"आता अण्णासाहेब नवाच डायनामो बसवून राह्यलेत," वसंता म्हणाला. "खोक्यातला. तारा बी सगळ्या नव्या. जुनं सारं भंगारात. अप्पाराव म्हनला, दुरुस्तीचा नादच नगं."

"बॅटरी कशी हाय? अजून तशीच?"

"तशीच असंल."

"मंग त्यो नवा बी पेटंल. ह्या खेपेला तू आतच बसून राह्य."

केशरबाई तेवढ्यात घरून पट्टी मारलेल्या कॉइली घेऊन आली होती. तिनं दारात उभं राहून सगळं ऐकलं. डायनामो उचलून तिनं उलटापालटा केला.

"माझी पट्टी जळाली म्हनतेत व्हय ते?"

"तुझी पट्टी, माझं तांबं, सगळं."

"मंग हिथं पक्कड काय आपटून राह्यलेत? जा की तिकडं. पत्र्यानं बॅटरी उलटी लावली का?"

पुंजारामनं डायनामो उघडला नाही, तारही लावून बघितली नाही. मालक नव्हता समोर. गोणपाट खांद्यावर टाकून तो निघाला. मस्तगड मागं टाकलं, कुंडलिका नदीच्या पुलावर आला आणि तिथं मात्र त्यानं गोणपाट कठड्यावर टेकवलं. काल मधली तार पेटली तेव्हा किती आगीचा झोत आतून गेला असंल? तार आधी तुटली असंल तर डायनामो वाचला. तार उशिरा तुटली असंल तर आतलं तांबं खरंच जळालं असंल. मग चूक कोणाची का असेना, स्टेशन रोडवर सगळ्यांसमोर जळका डायनामो निघणार तो पुंजारामचा. बारा वर्षांचं नाव त्या नळकांड्यात होतं आणि ते आत काय झालंय हे त्यालाही माहीत नव्हतं.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला अप्पारावचं दुकान म्हणजे काचेची कपाटं, कपाटांत खोकी, खोक्यांवर रंगीत कागद. दुकानासमोर ऑस्टिन बॉनेट उघडून उभी होती, दाढेच्या वैद्यापुढं तोंड वासून बसल्यासारखी. अण्णासाहेब खुर्चीत, हातात चहाची बशी. अप्पाराव खोक्यातून नवा कोरा डायनामो काढून गाडीला लावून बघत होता. आजूबाजूला चार-पाच ट्रकवाले, दोन हमाल, एक सायकलवाला. मोटार जळाली म्हटलं की माणसाला काम राहत नाही.

"पुंज्या," अण्णासाहेब बशीतून वर न बघता म्हणाले, "पाया पडायला आला असशील तर उशीर केला."

"पाया पडायला न्हाई आलो. डायनामो उघडायला आलो. तुमच्यासमोर."

अप्पाराव हसला. "काय उघडतो? राख? अण्णासाहेब, मी काल काय म्हनलो? जुन्याला भरत बसायचं म्हंजे गोधडीला ठिगळ लावून सोयरिकीला जायचं. नवीन लावा, दहा वरीस बघायला नगं."

"अप्पारावशेठ," पुंजाराम म्हणाला, "तुमचा नवा बसतो का त्या जागी?"

नवा बसत नव्हता. पाय दोन बोटं इकडं, भोकं तिकडं. अप्पारावनं इंजिनाच्या पट्टीला भोक पाडायला ड्रिल काढून ठेवलं होतं. ट्रकवाल्यांपैकी एकजण खोकला.

"बसवला की बसतो."

"बसवा. पर आधी मला सांगा, ह्यो जुना काहून जळाला?"

"जुना व्हता म्हनून जळाला."

"वीस दिवस जुना नव्हता का? तुमची बॅटरी बसवल्यावर मैलभरात जुना झाला?"

अण्णासाहेबांनी बशी खाली ठेवली. "तोंड सांभाळून बोल. तुझ्या बापाला आमच्या दारात बोलायची हिंमत नव्हती."

पुंजारामच्या कानशिलाची शीर उडली. अप्पारावच्या बाकड्यावरची एक बॅटरी त्यानं कोणाला न विचारता खाली ओढली, डायनामो भुईवर ठेवला, त्यावर पाय दिला. जळकी थोटकं तोडली. डायनामोच्या दोन्ही खुंट्या एका तारेनं जोडल्या.

"बघा सगळ्यांनी. हिथून ताकद दिली आन् आतलं तांबं धड असलं, तर ह्यो आपला आपन फिरतो. जळालं असलं तर न्हाई फिरत. मंग मी हिथंच नाक घासतो."

त्यानं एक तार बॅटरीच्या मायनसपासून त्या जोडलेल्या खुंट्यांना लावली. दुसरी प्लसला लावून तिचं टोक डायनामोच्या लोखंडी अंगाकडं नेलं.

"आरं उलटं लावतो! प्लस बॉडीला लावतो!" अप्पाराव ओरडला.

"व्हय. प्लसच."

टोक लोखंडाला टेकलं. ठिणगी उडाली. डायनामो हिसका देऊन थांबला.

एक हमाल फिस्सकन हसला. पुंजारामनं टोक काढलं, डायनामोच्या तोंडाची काजळी अंगठ्यानं पुसली, पुलीला हातानं एक वेढा दिला. आतले कार्बनचे तुकडे काजळीनं चिकटले असतील. असतील, नाहीतर संपलं. पुन्हा टोक टेकवलं.

डायनामो गुरगुरला आणि फिरायला लागला. आधी सुस्त, मग गरगर. भुईवर धूळ उडाली. पायाखाली दाबून धरला होता म्हणून, नाहीतर घरंगळत अण्णासाहेबांच्या खुर्चीखाली गेला असता.

"फिरतो की वो!" तोच हमाल म्हणाला.

"फिरू दे, फिरू दे," पुंजाराम म्हणाला. चांगला दहा आकडे मोजेपर्यंत त्यानं तो फिरवला. मग टोक काढलं आणि उघड्या बॉनेटकडं गेला. "आता हिकडं या. अण्णासाहेब, तुमी या. तुमची गाडी हाय. बॅटरीची एक खुंटी जाड असती, एक बारीक. जाड प्लसची. दोघींवर बसायची तारांची कडी येगळी, अदलाबदल व्हऊ ने म्हनून. ही बघा."

सगळे वाकले. प्लसच्या जाड खुंटीवर जे कडं बसवलं होतं त्याला आतून कानस मारलेली होती, ताजी, चकचकीत. मायनसच्या बारीक खुंटीवर कडं सैल पडलं होतं, म्हणून त्यात डब्याच्या पत्र्याची पट्टी कोंबलेली होती. पट्टीवर बिस्किटाचं चित्र अजून होतं.

"कानस कोनी मारली? मी वीस दिवसांमागं मारली तर गंजून काळी पडली असती. ह्यो बिस्किटाचा पत्रा कोनाच्या दुकानातला हाय?"

कपाटाखाली कापलेला बिस्किटाचा डबा होता. ज्यानं त्यानं बघितला. वसंता जमिनीकडं बघत उभा होता.

"ही गाडी प्लस-बॉडी हाय. कडं बसत नव्हतं तवा तरी इचार करायचा व्हता, काहून बसत न्हाई? न्हाई! कानस मार, पत्रा कोंब, बसव. आन् जळाल्यावर म्हन, मस्तगडवाल्याचं काम. हा नवा डायनामो लावा आता. ह्याच बॅटरीवर लावा. बैलं बांधून ठेवा तेवढी."

"अप्पारावशेठ, मंग त्यो खोका हिथंच पेटवा की, राजूर रोडपर्यंत काहून न्यायचा?" एक ट्रकवाला म्हणाला. सगळे हसले. अप्पाराव लाल झाला आणि ड्रिलची वायर गुंडाळायला लागला.

अण्णासाहेब बॉनेटपासून सरळ झाले. म्हणाले, "झालं ते झालं. अप्पाराव बी मानूसच हाय. चुकतो मानूस."

इतका वेळ पुंजारामनं आवाज धरून ठेवला होता. तो तिथं सुटला.

"कालपासून मी जाळली व्हती तवा मी मानूस नव्हतो का? तवा पुंज्या व्हतो! तोंडावर फेकून ये म्हनलात! आता ह्यानं जाळली तर मानूस चुकतो व्हय?"

"आवाज कमी कर."

"न्हाई करत. ह्याच रस्त्यावर म्हनलात ना पुंज्यानं गाडी जाळली? ह्याच रस्त्यावर म्हना, न्हाई जाळली. एवढं म्हना."

अण्णासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं, जसं एखादं कुळ अचानक खुर्चीत येऊन बसावं तसं. म्हणाले, "उद्या औरंगाबादला माझी तारीख हाय कोर्टात. गाडी पायजे. तुला काय घ्यायचं ते घे, आन् जल्दी लाव."

"घ्यायचं काय न्हाई. म्हना."

अण्णासाहेब म्हणाले नाहीत. गावासमोर, हमालांसमोर, ते म्हणणारच नव्हते. पुंजारामलाही ते दिसत होतं. अप्पारावकडं तारांचा नवा गुच्छ मुंबईहून यायला आठ दिवस होते, उद्याची तारीख चुकली तर अण्णासाहेबांचं नुकसान होतं, आणि त्या घडीला सगळ्या जालन्यात ती जळकी गाडी उभी करू शकणारा माणूस एकच होता. हेही सगळ्यांना दिसत होतं.

"तोंडानं म्हनायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या," पुंजाराम शेवटी म्हणाला. "मी गाडीवर लिहितो. बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर. आन् ते तिथंच ऱ्हाईल."

अण्णासाहेब सुटल्यासारखे हसले. "लिही बाबा. बॉनेटच्या आत कोन बघतंय?"

वसंतानं तोंड फिरवलं. त्या म्हाताऱ्या ऑस्टिनला दर सात-आठ मैलांवर पाणी लागायचं आणि पाण्यासाठी बॉनेट उघडावंच लागायचं. पंपावर, हॉटेलावर, फाट्यावर, जिथं माणसं असतात तिथंच. अण्णासाहेब त्या वेळी मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेले असत. त्यांना काय माहीत?

पुंजारामनं काम घेतलं. जळक्या तारा काढल्या, धड होत्या त्या ठेवल्या, तुटल्या तिथं कथलाचे डाग दिले. डायनामो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा कटआऊट चिकटला होता, तो उघडून कानशीनं साफ केला. केशरबाई भाकरी घेऊन आली ती तिथंच रस्त्याच्या कडेला बसली आणि तारांना सुती पट्टी गुंडाळायला लागली. अण्णासाहेबांच्या खुर्चीपासून चार हातांवर, पाठ करून. अप्पारावनं एकदा पाणी हवं का विचारलं. तिनं मान हलवली आणि स्वतःच्या तांब्यातलं प्याली. कड्यांची अदलाबदल करून पुंजारामनं ती पुन्हा जागच्या जागी बसवली. कानस मारलेल्या बारीक कड्यात मात्र शिश्याची पट्टी भरावी लागली. नवा डायनामो खोक्यात गेला, खोकं कपाटात गेलं. दिवस कलायच्या आत गाडी चालू झाली. दिवे लावले. काटा उतरतीला गेला. गॅस दाबल्यावर भरतीला आला.

मग त्यानं लाल ऑइलपेंटचा डबा घेतला आणि आतल्या पत्र्यावर बोटभर जाड अक्षरांत लिहिलं: बॉडीला प्लस. काम बराबर. पुंजाराम, मस्तगड.

पुढच्या चार-सहा महिन्यांत माल पुन्हा यायला लागला. ट्रकवाले आले, जीपवाला आला, राजूरच्या फाट्यावर बॉनेटमधलं नाव वाचून एक नवा ट्रॅक्टरवालाही आला. पण पुंजारामचा राग काही उतरला नाही. रस्त्यात अण्णासाहेबांची गाडी दिसली की तो थांबायचा, ती जाईपर्यंत बघायचा. केशरबाई म्हणायची, "अवो, झालं की आता." तो म्हणायचा, "काय झालं? म्हनला का त्यो?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वसंता गाडी घेऊन मस्तगडात आला. हॉर्न वाजत नव्हता. पुंजारामनं बॉनेट उघडलं आणि हात तसाच वर धरून उभा राहिला.

आतल्या पत्र्यावर काळा रंग मारलेला होता. सगळीकडं नाही. "बॉडीला प्लस" एवढं लाल तसंच ठेवलं होतं. त्याच्याखाली सगळं काळं.

"कोनी केलं?"

"मी न्हाई," वसंता घाईघाईनं म्हणाला. "तालुक्याचे पाहुने आल्ते. पंपावर पानी भरताना त्यातल्या एकानं वाचलं. म्हनला, अण्णासाहेब, गाडी तुमची का पुंजारामची? त्याच दिवशी मारायला लावलं. पर कामाचं ठिवलंय बघ. प्लस ठिवलंय. नाव तेवढं गेलं."

"कामाचं ठिवलंय," पुंजाराम म्हणाला. आवाज अगदी हळू होता, आणि तो ऐकून वसंता दोन पावलं मागं सरकला.

हॉर्न आधी दुरुस्त झाला. तार सैल होती, पाच मिनिटांचं काम. वाजवून बघितला. मग पुंजाराम आत गेला, छन्नी आणि हातोडी घेऊन आला. काळ्या रंगावर छन्नी धरली आणि पहिला घाव मारला. पत्र्यानं घंटेसारखा आवाज केला. मस्तगडातली माणसं दारात आली.

"भाऊ, काय करून राह्यला? मला काढून टाकतील ना!"

"सांग, पुंजारामनं केलं. सांगायला लागनारच न्हाई म्हना, तिथं लिहिलेलं असंल."

"रंगानं लिही की, पहिल्यासारखं!"

"रंग पुसता येतो, हे शिकवलं ना त्याह्यनी मला."

प. उकार. अनुस्वार. जाचा काना. एकेका अक्षराला वीस-वीस घाव. काळा रंग टवका टवका उडत होता आणि खालून पांढरं लोखंड निघत होतं. केशरबाई कॉइली बाजूला ठेवून बघत होती. 'म' अर्धा झाल्यावर ती म्हणाली, "खोल मारा. वर वर नगं."

त्यानं खोल मारलं. अक्षरं वाकडी आली, पण बोट फिरवलं तर आंधळ्यालाही वाचता आली असती. वसंता कपाळाला हात लावून टायरवर बसला होता. पुंजारामनं लोखंडाचा चुरा फुंकरीनं उडवला. छन्नीनं वर आलेल्या कडा सुरीसारख्या उभ्या राहिल्या होत्या. एरवी तो कुठलाही पत्रा कापला की कडा कानशीनं घासून मऊ करायचा, हात कापू नये म्हणून. ह्या त्यानं घासल्या नाहीत. बॉनेट आदळून लावलं आणि वसंताला म्हणाला, "ने."